वाफ्यात कोणाचे बी? राशोलची सेमिनरी, कँडीचा संघ आणि बाबासाहेबांची मागणी

धर्मात जात नेमकी कुठे लपून बसते, असे विचारले की आपल्या चळवळीतले बहुतेक तरुण धर्मग्रंथाकडे बोट दाखवतात. ते स्वाभाविकच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्या परंपरेचे आपण वारस. पण या सवयीतून एक गडबड होते. ज्या धर्माच्या ग्रंथात जात नाही त्या धर्मात जात नसणारच, असे आपण धरून चालतो. मग "ख्रिस्ती धर्मात समता आहे" आणि "धम्मात जात नाही" ही दोन्ही वाक्ये आपण सारख्याच बेफिकिरीने बोलतो. ग्रंथ तपासलाच पाहिजे. पण त्या धर्माचा धर्मगुरू कुठे घडतो, त्याला दारातून आत कोण घेतो आणि शेवटी त्याच्या डोक्यावर हात कोण ठेवतो, हेही तपासले पाहिजे. माझे म्हणणे असे की जात ग्रंथापेक्षा या दारात जास्त काळ टिकते.

त्यासाठी हा लेख कॅथलिक सेमिनरीवर आहे. बुलडाण्याच्या कार्यकर्त्याला सेमिनरीशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती म्हणजे खामगाव-मलकापूरकडची जुन्या मिशनच्या वारशातली थोडी घरे, आणि ते मिशनही प्रॉटेस्टंट. तरी देणेघेणे आहे. कारण १९५४ साली बाबासाहेबांनी लेखी निवेदनात "सेमिनरी" हाच शब्द वापरून ती बौद्धांसाठी मागितली होती. आपण जिची मागणी वारशात घेतली ती वस्तू दुसऱ्यांच्या घरात कशी चालली, कुठे नासली, हे माहीत असायला हवे.

सेमिनरी हा शब्द लॅटिनमधल्या "सेमिनारियुम"वरून आला. अर्थ साधा आहे : रोपांचा वाफा. मिरचीचे किंवा कांद्याचे रोप आपण आधी वाफ्यात टाकतो, जोमदार झाले की शेतात लावतो. तसे पोरगे लहानपणी आत घ्यायचे, वर्षानुवर्षे सांभाळायचे आणि मग गावोगावच्या चर्चमध्ये लावायचे. ही व्यवस्था येशूच्या काळातली नाही. सोळाव्या शतकात ल्यूथरच्या बंडाने युरोप हादरला. पाद्री अडाणी आहेत, त्यांना धड लॅटिन प्रार्थनाही कळत नाही, ही प्रॉटेस्टंटांची टीका खोटी नव्हती. तेव्हा ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी ठरवले की प्रत्येक धर्मप्रांतात असे विद्यालय असलेच पाहिजे. किमान बारा वर्षांचा, लिहिता-वाचता येणारा, विवाहसंबंधातून जन्मलेला मुलगा घ्यावा. आणि पुढचे नीट वाचा : निवड करताना प्रामुख्याने गरिबांची मुले घ्यावीत, श्रीमंतांच्या मुलांना मनाई नाही, पण त्यांनी आपला खर्च आपण करावा. म्हणजे सेमिनरीच्या जन्मदाखल्यावरच गरिबाच्या पोराचे नाव आधी लिहिलेले आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतले जीवन कसे असे? परंपरागत सेमिनरीचा दिवस घंटेवर चालतो. पहाटे घंटा, प्रार्थना, ध्यान, मिस्सा, न्याहारी, तास, दुपारी पुन्हा प्रार्थना, संध्याकाळी थोडा खेळ किंवा बागेतले काम, मग अभ्यास, रोझरी, रात्रीची प्रार्थना. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेपर्यंत कडक मौन. जेवताना बोलायचे नाही. एक जण उभा राहून संतचरित्र वाचणार, बाकीच्यांनी ऐकत जेवायचे. घरून आलेले पत्र आधी वरिष्ठांच्या नजरेखालून जाणार. दोघांचीच फार घट्ट मैत्री झालेली चालत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवणे, पुस्तके आणि परीक्षा मोठ्या प्रमाणात लॅटिनमध्ये असत. तत्त्वज्ञान दोन-तीन वर्षे, धर्मशास्त्र चार वर्षे, आधीचे छोट्या सेमिनरीतले दिवस आणि मधली प्रत्यक्ष कामाची उमेदवारी धरली तर आठ-दहा वर्षे सहज जातात. समाजशास्त्राच्या एम.ए.ला गॉफमनची "सर्वंकष संस्था" ही संकल्पना शिकताना आम्ही तुरुंग आणि वेड्यांचे इस्पितळ यांचीच उदाहरणे लिहायचो. गॉफमनने मठही त्याच यादीत घातले आहेत. माणसाची जुनी ओळख उतरवून ठेवायची आणि नवी चढवायची, हेच तिथले काम.

मग प्रश्न असा की एवढ्या घट्ट साच्यातून दहा वर्षे काढल्यावर जात का उतरत नाही?

त्याआधी दीक्षेचा विधी पाहू, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथे आहे. जुन्या पद्धतीत एकदम कोणी फादर होत नसे. आधी केसांच्या बटा कापून त्याला धर्मसेवकांत घेत. पुढे द्वारपाल, वाचक, भूतबाधा-निवारक आणि वेदीसेवक या चार लहान पायऱ्या; मग उपडीकन, डीकन आणि शेवटी धर्मगुरू. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली केस कापण्याचा विधी, लहान पायऱ्या आणि उपडीकनपद रद्द केले, आणि वाचक व वेदीसेवक एवढ्या दोनच सेवा ठेवल्या. जुन्या लॅटिन पद्धतीला धरून असलेल्या काही मोजक्या सेमिनऱ्यांत आजही सगळा जिना चढावा लागतो.

गुरुदीक्षेच्या दिवशी उमेदवार वेदीसमोर फरशीवर पालथा पडतो. सगळी मंडळी एकेका संताचे नाव घेऊन विनवणी गातात आणि तो तसाच पडून राहतो. मग उठून बिशपपुढे गुडघे टेकतो. बिशप काही न बोलता दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो. त्याच्यामागून हजर असलेले सगळे फादर रांगेने येऊन तसेच हात ठेवतात. नंतर धर्मगुरूची वस्त्रे, तळहातांना पवित्र तेल, हातात प्याला आणि तबक. आपले जोडलेले हात बिशपच्या हातांत देऊन तो आज्ञापालनाचे वचन देतो. या सगळ्यात कळीचा क्षण डोक्यावरच्या हाताचा. कॅथलिकांची श्रद्धा अशी की हा हात येशूच्या शिष्यांपासून बिशपमागून बिशप असा न तुटता आला आहे. साखळी तुटली की धर्मगुरूपद नाही, धर्मगुरू नाही तर मिस्सा नाही.

म्हणजे लाखो लोकांचा धर्म चालायचा की नाही हे मूठभर हातांवर अवलंबून. त्या हातांवर ज्याचा ताबा, धर्मावर त्याचा ताबा. बायकांच्या डोक्यावर तर हा हात आजही पडत नाही.

या विधीत एक लोकशाहीची खूणही आहे, ती दडवणे बरोबर नाही. बिशप विचारतो, हा योग्य आहे हे तुम्हाला माहीत आहे का? जुन्या विधीत तो जमलेल्या लोकांनाही सांगतो की या माणसाविरुद्ध कोणाला काही ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन बोलावे. सुंदर गोष्ट आहे. फक्त ज्याला दारातच अडवले त्याच्याविषयी लोकांना काही विचारण्याची वेळच येत नाही.

आता गोव्यात जाऊ. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. १५४१ मध्ये जुन्या गोव्यात नवख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची संस्था उभी राहिली. तिचेच पुढे जेझुइटांच्या हाताखाली सेंट पॉल कॉलेज झाले. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना तिथेच बसला. साष्टीतल्या राशोल किल्ल्याच्या आवारात जेझुइटांनी बांधलेली भव्य इमारत १६१० मध्ये पूर्ण झाली. जेझुइटांना पोर्तुगीज सरकारने १७५९ मध्ये हाकलल्यावर १७६२ पासून तिथे गोवा धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली, ती आजही चालू आहे. मराठी माणसाला राशोल माहीत असायला हवे, कारण थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी "क्रिस्तपुराण" १६१६ मध्ये रोमन लिपीत इथेच छापले गेले. आपल्या मराठीच्या पाठ्यपुस्तकांत हे कौतुकाने येते. त्याच्या दहा वर्षे आधी काय ठरले ते पाठ्यपुस्तकात येत नाही.

१६०६ साली गोव्यात पाचवी प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिने असे ठरवले की स्थानिकांपैकी ब्राह्मण, प्रभू आणि कुलीन मानल्या जाणाऱ्या जातींच्याच मुलांना धर्मगुरूपद द्यावे. खालच्या जातीच्यांना देऊ नये. कारण काय दिले? अशा माणसाला धर्मगुरू केले तर बाकीचे ख्रिस्ती त्याला मान देणार नाहीत.

हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? आपण कोणाचा अपमान करत नाही हो, पण समाज काय म्हणेल! गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी ठेवणाराही हेच म्हणायचा. ट्रेंटने गरिबाच्या पोराला आधी आत घ्या म्हणून सांगितले, त्याला त्रेचाळीस वर्षेही झाली नव्हती. ट्रेंटचा ठराव गोव्यात लागू होता. पण दारावर उभ्या असलेल्या माणसांनी त्यात एक अट वाढवली आणि ती अट ठरावापेक्षा ताकदवान निघाली. योगायोग पाहा, त्याच १६०६ साली रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरेला पोहोचला. तिथे त्याने संन्याशाचा वेष, जानवे आणि शाकाहार स्वीकारून ब्राह्मणांत धर्मप्रचार सुरू केला. पुढे त्या मिशनमध्ये वरच्या जातींसाठी वेगळे आणि खालच्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू अशी सोयच करून ठेवली गेली. बायबल एकच, येशू एकच, फादर जातवार.

गोव्याच्या या इतिहासात एक माणूस आहे ज्याच्याविषयी मला एकाच वेळी आदर आणि चीड वाटते. मातेउश द कास्त्रो. जन्म साधारण १५९४ चा, दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घरात. हुशार, शिकलेला, पण गोव्याच्या आर्चबिशपने त्याला गुरुदीक्षा नाकारली, कारण तो स्थानिक होता. हा गडी खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला गेला. तिथे १६२२ मध्ये मिशनच्या कामावर देखरेख करणारे नवे खाते उघडले होते आणि त्याला पोर्तुगिजांची मक्तेदारी मोडायचीच होती. कास्त्रोला रोममध्ये दीक्षा मिळाली. १६३७ मध्ये तो बिशप झाला, लॅटिन चर्चमधला पहिला भारतीय बिशप. आदिलशाही मुलखाची जबाबदारी घेऊन तो परतला, डिचोलीला राहिला, आणि पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्याला आयुष्यभर छळले. गोऱ्यांच्या वर्णद्वेषाविरुद्ध एकट्याने दिलेली ती झुंज खरी आहे.

पण १६५३ मध्ये त्याने पोर्तुगिजांविरुद्ध उठावाची जी हाक दिली, तिचे नाव काय? "ब्राह्मणांचा आरसा". हाक ब्राह्मणांना. गोव्यातले सुदीर, गावडे, कुणबी, महार, चांभार ख्रिस्ती त्या आरशात दिसत नाहीत. त्याचा प्रश्न "मला का नाही?" एवढाच होता. "त्यांना का नाही?" हा प्रश्न त्याच्या मनाला शिवल्याचे त्या हाकेत तरी दिसत नाही. परक्या सत्तेशी लढणारा माणूस जातीशी लढतोच असे नाही, हे आपल्याला राष्ट्रीय चळवळीने पुढे तपशिलात शिकवले. गोव्याच्या चर्चने ते अडीचशे वर्षे आधी दाखवून दिले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात स्थानिक धर्मगुरूंची ओरेटरी ही संस्था उभी राहिली. श्रीलंकेत डच अंमलाखाली लपूनछपून काम करणारे जोसेफ वाझ तिचे; २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले. ही संस्था ब्राह्मणांची होती. मग चारडोंचे, म्हणजे स्वतःला क्षत्रिय म्हणवणाऱ्यांचे, वेगळे चालले. १७८७ मध्ये पिंतोंचा कट उघडकीला आला. त्याच्या मुळाशी स्थानिक धर्मगुरूंना वरची पदे मिळत नाहीत हा संताप होता. त्यात सतरा पाद्री पकडले गेले आणि पंधरा सामान्य लोकांना फासावर चढवले गेले. पाद्री मात्र फासावर गेले नाहीत, त्यांना लिस्बनच्या तुरुंगात पाठवले. बंडातही दर्जा सांभाळला गेला.

आणखी एक गोष्ट अर्थकारणाची आहे. सेमिनरीतून सगळेच पाद्री होऊन बाहेर पडत नसत. लॅटिन आणि पोर्तुगीज शिकून मधेच बाहेर पडलेली मुले कारकून, वकील, शिक्षक होत. शाळा-कॉलेज नसलेल्या काळात सेमिनरी हीच उच्चशिक्षणाची शिडी होती. तिच्या पायथ्याशी जातीचा पहारा बसला, म्हणजे धर्मगुरूपदासोबत कचेरीही गेली. म्हणून हा प्रश्न फक्त आध्यात्मिक नाही.

महाराष्ट्रात वेगळे घडायला हवे होते. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन जेझुइट नगर जिल्ह्यात आले आणि राहुरी-संगमनेर पट्ट्यात महार वस्त्याच्या वस्त्या कॅथलिक झाल्या. हरेगावची मतमाउली यात्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. वेदीसमोर बसणारे आमचे भाऊबंद आणि वेदीमागे उभा राहणारा आधी युरोपियन, मग बराच काळ बाहेरून आलेला फादर, हे चित्र तिथे दीर्घकाळ राहिले. नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला आणि थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले, म्हणजे मिशन सुरू होऊन शंभराहून जास्त वर्षे लोटल्यावर. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद चालतो हे स्वतः लिहून मान्य केले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, पहिले दलित कार्डिनल. १६०६ च्या ठरावापासून मोजा : चारशे सोळा वर्षे.

हे सगळे बाबासाहेबांना अनपेक्षित नव्हते. १९३८ च्या पहिल्या दिवशी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचाच आपण विचार करतो असे सांगितले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हे त्यांच्या तोंडावर सुनावले. शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ख्रिस्ती धर्माने जात मोडली का, या प्रश्नाचे त्यातले उत्तर नकारार्थी आहे. कार्यकर्त्यांनी ते मुळातून वाचावे.

इथपर्यंत वाचून "बघा, आपला धम्मच बरा" असे म्हणत कोणी मोबाइल खाली ठेवणार असेल तर थांबा. लेखाचा अवघड भाग आता आहे.

बुद्धाने दाराशी काय केले ते आपल्याला पाठ आहे. अनुपिय येथे शाक्य राजपुत्र प्रव्रज्येला आले, सोबत त्यांचा न्हावी उपाली. उपालीला आधी दीक्षा दिली गेली, त्यामुळे पुढे सगळ्या राजपुत्रांना त्याला ज्येष्ठ म्हणून वंदन करावे लागले. हीच गोष्ट सुनीत भंग्याची, सोपाकाची. "बुद्ध आणि त्याचा धम्म" मध्ये बाबासाहेबांनी या दीक्षा मुद्दाम एकत्र आणल्या. उपसंपदेचा विधी पाहिला तर तो गुरुदीक्षेपेक्षा वेगळ्या पायावर उभा आहे. हात एकाचा नाही, निर्णय संघाचा आहे. मध्यदेशात किमान दहा भिक्खू, सीमाप्रांतात पाच. ठराव एकदा मांडायचा, तीनदा पुकारायचा. गप्प राहिला त्याची संमती, हरकत असेल त्याने बोलावे. उमेदवाराला प्रश्न विचारतात : अमुक रोग आहेत का? ऋणमुक्त आहेस का? स्वतंत्र आहेस का? राजसेवक नाहीस ना? आईबापांची परवानगी आहे का? वीस वर्षे पूर्ण झाली का? चीवर-पात्र आहे का? जात विचारतच नाहीत. (दासाला आधी मुक्त व्हावे लागे, कर्जदाराला कर्ज फेडावे लागे, म्हणजे तत्कालीन राजसत्ता आणि सावकारी यांच्याशी संघानेही जुळवून घेतलेच. हे नाकारण्यात अर्थ नाही.)

आणि तरीही श्रीलंकेत काय झाले? अठराव्या शतकात तिथली उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. कँडीच्या राजाने सयामहून भिक्खू बोलावले. १७५३ मध्ये त्यांनी उपसंपदा पुन्हा सुरू केली आणि सयाम निकाय उभा राहिला. सयामहून आलेल्या त्या प्रमुख थेरांचे नाव होते उपाली! पण या दुसऱ्या उपालीने उघडलेले दार अकरा वर्षांत बंद झाले. १७६४ पासून उपसंपदा फक्त गोविगम, म्हणजे तिथल्या वरचढ शेतकरी जातीच्या पुरुषांना, असा दंडक पडला. विनयपिटकात एक अक्षर बदलले नव्हते. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले भिक्खू शेवटी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुराला गेले, तिथून १८०० मध्ये उपसंपदा घेऊन परतले आणि त्यांनी वेगळा अमरपुर निकाय काढला. मातेउश द कास्त्रो रोमला गेला, हे अमरपुराला गेले. फरक एवढाच की यांच्यामागून खालच्या मानलेल्या इतर जातींनाही वाट मिळाली. भिक्खुणींना तर हजारभर वर्षे थेरवादात वाटच नव्हती. सारनाथ १९९६ आणि बोधगया १९९८ इथल्या उपसंपदांनी ती पुन्हा उघडली, आणि त्यावर आजही कित्येक भिक्खू नाक मुरडतात.

कँडी हे गाव या कथेत पुन्हा येते. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये भारत आणि सिलोनसाठी पेपल सेमिनरी काढली ती कँडीलाच. तिचे ब्रीद असे होते की भारताच्या तारणाचे काम भारताचीच मुले करतील. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब कँडीला गेले. बौद्ध विधी आणि संघ प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहायला आलो आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी "महाबोधि" मासिकातल्या लेखात त्यांनी भिक्खूंवर कठोर टीका केली : विद्या नाही, सेवा नाही, संख्या मोठी. आणि १९५५ मध्ये ती पेपल सेमिनरी कँडीहून हलली, पुण्यात नगर रस्त्यावर रामवाडीला आली.

या दोन तारखांच्या मधे १९५४ आहे. बाबासाहेबांनी ब्रह्मदेशाच्या बुद्ध शासन कौन्सिलला भारतातल्या धम्मप्रसाराविषयी निवेदन दिले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर थक्क व्हायला होते. सोप्या भाषेतला बौद्धांचा एक ग्रंथ. गृहस्थांसाठी बाप्तिस्म्यासारखा दीक्षाविधी. पगारी गृहस्थ धर्मप्रचारक. दर रविवारी विहारात सामूहिक वंदना आणि प्रवचन. आणि धर्मप्रचारक घडवण्यासाठी बौद्ध सेमिनरी, जिथे धम्मासोबत इतर धर्मांचा तुलनात्मक अभ्यास शिकवला जाईल. चर्चकडून त्यांनी काय घेतले आणि काय टाकले ते इथे स्पष्ट दिसते. शिक्षणाची शिस्त घेतली. डोक्यावरच्या हाताची मक्तेदारी टाकली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी स्वतः भदंत चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि लगेच वळून, चीवर न घातलेल्या माणसाने, लाखो लोकांना दीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. ज्याला धर्मात घ्यायचे त्याला भिक्खूच घेईल ही साखळी त्यांनी जाहीर मैदानात बाजूला सारली. निवेदनातला ग्रंथ त्यांनी लिहिला, दीक्षाविधी दिला, रविवारची वंदना आपण जमेल तशी चालवतो. सेमिनरी राहिली.

आपण तिच्या जागी काय ठेवले? दहा दिवसांचे श्रामणेर शिबिर. मी अशा शिबिरांच्या विरोधात नाही. व्यसन सुटलेली पोरे मी त्यातच पाहिली आहेत. पण दहा दिवसांत मुंडण, चीवर, त्रिशरण आणि फोटो होतो, धम्मप्रचारक होत नाही. समोरचा फादर दहा वर्षे घासून आलेला असतो, कीर्तनकार चार वर्षे आळंदीत राहून आलेला असतो, आणि आपला तरुण भन्ते पालीचे वाक्य अडखळत वाचून वर्षावास संपवतो. त्याचा दोष नाही. त्याला कुठे शिकायला पाठवायचे हे आपण ठरवलेलेच नाही. आपल्या तालुक्यांतल्या विहार समित्यांच्या वह्या काढून पाहा. कमान, मूर्ती, फरशी, रंग, साउंड, भोजनदान. भिक्खूच्या शिक्षणाचे खाते किती वह्यांत आहे?

आणि दार? वस्तीतला विहार म्हणजे एका पूर्वाश्रमीच्या जातीचा विहार, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. चिखलीकडचा एखादा मातंग मुलगा, मेहकरकडचा चर्मकार किंवा धनगर मुलगा, जळगाव जामोदच्या वर सातपुड्यातला आदिवासी मुलगा चीवर घ्यायला आला, तर समिती त्याला आत घेईल, यात मला शंका नाही. पण तो भन्ते होऊन आपल्या विहारात देसना देईल तेव्हा मागे कोण काय कुजबुजेल, आणि पुढच्या वर्षी त्याला वर्षावासाचे निमंत्रण जाईल की नाही, यात शंका आहे. "लोक मान देणार नाहीत" हे वाक्य गोव्यात १६०६ ला लिहून ठेवले होते. आपल्याकडे ते लिहावे लागत नाही.

म्हणून येत्या आषाढी पौर्णिमेच्या आधी जिल्ह्यातल्या समित्यांनी एकत्र बसावे असा माझा प्रस्ताव आहे. निवासी शिक्षण किमान दोन वर्षांचे. पाली, विनय, मराठी वक्तृत्व, संविधान, थोडे समाजशास्त्र आणि बाबासाहेबांच्या यादीतला तुलनात्मक धर्माभ्यास. भिक्खू व्हायचे नसेल त्याने गृहस्थ धम्मप्रचारक व्हावे, मुलींना पहिल्या दिवसापासून तितक्याच जागा. पहिल्या तुकडीत पाच जण असले तरी चालतील, पण ते पाच एकाच वस्तीतले नसावेत, आणि ही अट लेखी असावी. खर्चासाठी प्रत्येक विहाराने यंदाच्या रंगाचे पैसे एक वर्ष थांबवावेत. तुलनात्मक धर्माभ्यास शिकवायला माणूस मिळत नसेल तर रामवाडीच्या सेमिनरीतल्या एखाद्या प्राध्यापकाला पाहुणा म्हणून बोलवू. पुणे इथून एका रात्रीच्या एसटीवर आहे.